वाचून दाखवणारे नाना

मागच्या महिन्यात जळगावच्या एका कॉलेजात, पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांपुढे बोलायला मला बोलावलं होतं. बोलून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही बातमी लिहायला कुणाकडून शिकलात?" नाव अगदी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं आणि "अनुभवातून" असं एक गुळगुळीत उत्तर देऊन मोकळी झाले. मुलांनी तेही वहीत उतरवून घेतलं. धुळ्याला परत येईपर्यंत गाडीत माझं डोकं ठणकत होतं. ज्या माणसाने मला वाक्य कुठे थांबवायचं ते शिकवलं त्याचं नाव चारचौघांत घ्यायला मन धजावत नाही, आणि दुसऱ्या कुणाचं घ्यावं तर ते खोटं होतं. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

त्यांचं नाव भाईदास. सगळे नाना म्हणायचे. आडनाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांच्या दोन्ही मुली माझ्या मैत्रिणी आहेत आणि यात त्यांचा काही दोष नाही. नानांचं ‘आपला पाडा’ नावाचं साप्ताहिक होतं. भिल्ल, पावरा, तडवी अशा वस्त्या-पाड्यांवरच्या माणसांसाठी निघणारा आणि मालकही त्यांच्यातलाच असलेला दुसरा पेपर आमच्या भागात मला तरी माहीत नव्हता. नाना स्वतः भिल्ल. मीही भिल्ल, सोनगीरच्या पलीकडच्या वस्तीतली. आमच्या वस्तीतून बी.ए. झालेली मी पहिली मुलगी, आणि त्या बी.ए.चं पुढे काय करायचं हे वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. नाना आमच्याकडे हातपंपाची बातमी करायला आले होते. माझं अक्षर बघून म्हणाले, "उद्यापासून ये." त्या ‘उद्या’ची पुढे नऊ वर्षं झाली.

ऑफिस धुळ्यात, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर पिठाचा हलका थर बसायचा. नाना फुंकर मारून तो उडवायचे आणि म्हणायचे, "आपल्या पेपरात सत्त्व आहे ते उगाच नाही." त्यांना टाइप करता येत नव्हतं. ते पाठीमागे हात बांधून खोलीत फेऱ्या मारत बातमी सांगायचे आणि मी टाइप करायचे. मध्येच थांबून विचारायचे, "हे वाक्य तुझ्या आईला कळेल का?" नाही म्हटलं तर ते वाक्य गेलं. पत्रकारितेवरची पुस्तकं मी पुढे बरीच वाचली, पण याहून चांगली कसोटी मला अजून सापडलेली नाही.

काही शब्दांना त्यांच्या पेपरात बंदी होती. ‘बिचारे’, ‘अज्ञानी’, ‘भोळेभाबडे’. एकदा मी ‘गरीब बिचाऱ्या आदिवासी महिलेला’ असं लिहिलं, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हिचं नाव काय?" मी नाव सांगितलं. "मग नाव लिही ना. बाकीचे लोक आहेतच आपल्याला बिचारं करायला."

त्यांची खरी ओळख मात्र गुरुवारची. पेपर शनिवारी निघायचा. गुरुवारी नाना पानांची कच्ची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मोटारसायकलवर टांग टाकायचे आणि ज्यांची बातमी असेल त्यांच्या वस्तीवर जायचे. माणसं जमवायचे आणि बातमी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचे. ज्याला वाचता येत नाही त्याच्याबद्दल त्याच्या पाठीमागे छापायचं नाही, असा त्यांचा नियम होता. छापून आल्यावर काही बदलता येत नाही, हे वाचण्याआधीच सगळ्यांकडे बघून अहिराणीत बजावायचे, "ऐका रे भो. काही चुकनं व्हई तर आतेच बोला. छापीसन उनं की मंग मना हात बांधेल शेतस."

वाचायचे फार सुंदर. तहसीलदाराचं वाक्य आलं की नाकातून बोलायचे, ग्रामसेवकाचं आलं की मध्येच जांभई द्यायचे. माणसं हसून हसून बेजार व्हायची. पण वस्तीतल्या माणसाचं वाक्य आलं की आवाज साधा. वाचून झालं की विचारायचे, "बराबर शे का?" मग सगळे हात वर करायचे. कुणी हात खाली ठेवला तर नाना त्याच्यापाशी जाऊन उकिडवे बसायचे आणि काय खटकलं ते काढून घ्यायचे. एकदा आमच्याच वस्तीतल्या म्हाताऱ्या आबांनी हात वर केला नाही. वनखात्याच्या माणसांनी त्यांची झोपडी मोडली होती आणि ‘आबांना रडू कोसळले’ असं मी लिहिलं होतं. आबा म्हणाले, "भाईदास, मी रडनू नही. माले राग येल व्हता. राग लिख." नानांनी तिथेच खिशातून पेन काढून ‘रडू’ खोडलं. परत येताना मोटारसायकलवर मला एवढंच म्हणाले, "पाहिलंस? आपण त्यांचा राग चोरला होता."

हा नियम ते ज्याच्याविरुद्ध बातमी असेल त्यालाही लावायचे, आणि तिथे खरी गंमत यायची. बोदवडकडच्या एका वसतिगृहात पोरांच्या जेवणात अळ्या निघाल्या. वसतिगृहाचे अधीक्षक मिठाईचा पुडा घेऊन गिरणीवरच्या खोलीत हजर. नानांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बरं झालं आलात. तुमची बातमी आहे, तुम्हाला वाचून दाखवायलाच हवी." आणि खालच्या गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सगळी बातमी वाचली. अधीक्षक घाम पुसत ऐकत होते. ‘डाळीत अळ्या आढळल्या’ हे वाक्य आल्यावर त्यांच्याने राहवलं नाही. "ओ, डाळीत नव्हत्या. पिठात होत्या." नाना माझ्याकडे वळले. "लिही. साहेबांनी दुरुस्ती सुचवली आहे." अधीक्षक गेले तेव्हा पुडा टेबलावरच राहिला होता. नानांनी मला जिना उतरून त्यांच्यामागे पळायला लावलं आणि तो परत करवला. मला त्यातले पेढे फार खावेसे वाटत होते, हे कबूल करते.

शहरातल्या पत्रकारांत नानांना कुणी जमेस धरायचं नाही. जळगावला मंत्र्यांची पत्रकार परिषद होती, मी सोबत होते. दाराशी यादी घेऊन बसलेल्या माणसाने नानांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, "तुमचा पेपर कुठे मिळतो हो?" नाना म्हणाले, "जिथे तुमचा जात नाही तिथे." मी खूष झाले. पुढे चार जणांना मी हा किस्सा रंगवून सांगितला. आत दीड तासात नानांनी एकही प्रश्न विचारला नाही, आणि बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर म्हणाले, "रेखा, किती वर्षं असं दारातच उत्तर देत राहायचं?" हे वाक्य मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. ते मी नीट ऐकलंही नव्हतं. आज वाटतं, त्या दिवशी नाना कुठे निघाले होते ते या वाक्यात होतं आणि मी मात्र त्यांच्या हजरजबाबीपणावर खूष होते.

आणखी एक सवय सांगायला हवी. ‘आपला पाडा’त बातमीवर बातमीदाराचं नाव कधीच नसायचं. "बातमी ज्याची, नाव त्याचं," नाना म्हणायचे. मला हे फार मोठं वाटायचं. इतर पेपरांतले बातमीदार स्वतःचं नाव ठळक अक्षरात बघून हरखायचे तेव्हा मला त्यांची कीव यायची. एकदा मी ओळखपत्र मागितलं, तर हसून म्हणाले, "ओळखपत्रवाले तहसीलच्या चहाला जातात. तुला वस्त्या तोंडाने ओळखतात." मीही हसले. नऊ वर्षांत त्या पेपरात माझं नाव एकदाही छापून आलं नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग काळ बदलला. वस्त्यांवर मोबाइल पोचले, पोरं पेपरऐवजी त्यात डोकं घालून बसू लागली. नानांनी मनात घेतलं की आता आपलं चॅनल हवं, कॅमेरा हवा, जळगावात बसायला जागा हवी. त्यात गैर काही नव्हतं. मीच त्यांना मोबाइलवर व्हिडिओ कसा काढायचा ते शिकवलं. पुढे गिरणीवरच्या खोलीत स्वच्छ बूट घातलेली माणसं येऊ लागली आणि ती आली की नाना मला चहा सांगायला खाली पाठवू लागले. चहाचं आधी ते स्वतः बघायचे. मला ते खटकलं, पण मी मनावर घेतलं नाही.

ही माणसं एका सौरऊर्जा कंपनीची होती. आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला माळ आहे. आमची माणसं तीन पिढ्या तो कसतात, तिथे बाजरी घेतात, शेळ्या चारतात. सातबाऱ्यावर मात्र नाव नाही, दावा सरकारात पडून आहे. कंपनीला तोच माळ हवा होता. वस्तीचं म्हणणं काय हे प्रांतसाहेब सुनावणी घेऊन ऐकणार होते. वस्तीचं म्हणणं सरळ होतं: माळ द्यायचा नाही. माळ गेला तर वस्तीने उठून मजुरीला गुजरातेत जायचं, एवढाच रस्ता उरत होता.

ती बातमी मी लिहिली. माझ्याच वस्तीची, माझ्याच आईचं म्हणणं असलेली. गुरुवारी नाना वाचायला आले. आमच्या घरासमोरच लोक बसले होते. नानांनी नेहमीसारखं वाचलं, कंपनीच्या साहेबांचं वाक्य टाय सावरत असल्यासारखं म्हटलं, लोक हसले. शेवटी विचारलं, "बराबर शे का?" सगळे हात वर गेले. आईने तर दोन्ही वर केले. नाना मला म्हणाले, "असाच फोटो काढ, छान येतोय." मी मोबाइलवर फोटो काढला. खरंच छान आला होता.

छपाई जळगावला व्हायची आणि पानं नाना स्वतः घेऊन जायचे. शनिवारी सकाळी एस.टी.ने गठ्ठा आला. मी सोनगीरच्या थांब्यावर उतरवून घेतला, दोरी सोडली. पहिल्या पानावर मी काढलेला फोटो होता. वर ठळक अक्षरात होतं, ‘सौर प्रकल्पाला वस्तीचा एकमुखी पाठिंबा’. खाली लिहिलं होतं की ग्रामस्थांनी हात उंचावून संमती दिली. माझ्या आईचं नाव होतं, आडनावासकट, आणि तिच्या तोंडी एक वाक्य होतं: ‘आमच्या मुलांना काम मिळेल.’ त्या पानात माझ्या बातमीतलं एकही वाक्य नव्हतं. चूक झाली असेल, दुसऱ्याच वस्तीची बातमी इथे पडली असेल, असं मी थांब्यावर उभी राहून स्वतःला बराच वेळ समजावत होते. अशी चूक होत नसते हे मला ठाऊक होतं. पानं मीच लावत आले होते.

धुळ्याला पोचले तेव्हा नाना खिडकीपाशी बसून पेपरच वाचत होते. मी पान त्यांच्यापुढे टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "बस आधी."

"हे कुणी लिहिलं नाना?"

"मी. जळगावला बसून टाइप करून घेतलं."

"लोकांनी हात कशाला वर केले होते, हे तुम्हाला माहीत आहे."

"रेखा, माळ जाणारच आहे. तू काय लिहिलंस नि मी काय लिहिलं, त्याने फरक पडत नाही. निदान पेपर तरी जगला पाहिजे. कंपनीच्या मदतीने चॅनल उभं राहिलं तर उद्या शंभर वस्त्यांचा आवाज होईल."

"आणि हे त्यांना वाचून कोण दाखवणार?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "येत्या गुरुवारी जाऊ आपण," ते म्हणाले. "समजावून सांगू."

हे ते अगदी मनापासून म्हणाले. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. लबाड माणसाने लबाडी केली असती तर मी चार शिव्या देऊन जिना उतरले असते. पण या माणसाला अजूनही वाटत होतं की तो आमच्याच बाजूचा आहे. मी त्या दिवशी जिना उतरले ती पुन्हा चढले नाही.

वस्तीत माझं काय झालं ते थोडक्यात सांगते. भांडण कुणी केलं नाही. आईने फोटोवर बोट ठेवलं. "फोटू तू काढा ना?" मी हो म्हटलं. ती भाकरी थापत राहिली. शेजारच्या अक्का, ज्यांनी मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं, त्या आमच्या दारावरून जाताना पदर ओढून जाऊ लागल्या. नऊ वर्षं मी ज्यांना ‘ऐका हो’ म्हणत वस्त्या-वस्त्यांवर हिंडले, ती माणसं माझ्याशी बेताने बोलू लागली. मला त्यांचा राग नाही आला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तसंच केलं असतं.

सुनावणीला आम्ही सगळे धुळ्याला गेलो. कंपनीच्या वकिलाने कात्रण पुढे ठेवलं; पेपरचे संपादक म्हणून नानांनाही बोलावलं होतं. वस्तीच्या बाजूने मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं: बातमी मी लिहिली होती, ती विरोधाची होती, फोटो मी काढला, हात बातमी बरोबर आहे हे सांगायला वर झाले होते. प्रांतसाहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही या पेपरच्या बातमीदार आहात, याचा काही कागद?" माझ्याकडे कागद नव्हता. कार्ड नव्हतं, नेमणुकीचं पत्र नव्हतं, एकाही कात्रणावर माझं नाव नव्हतं. कच्ची प्रत नानांच्या पिशवीत, मूळ मजकूर नानांच्या कॉम्प्युटरवर. साहेबांनी नानांना विचारलं.

मी नानांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तेव्हासुद्धा मला वाटत होतं की हा माणूस खोटं बोलणार नाही. पेपरात लिहिणं वेगळं, इथे समोर माझी आई बसली आहे, ‘राग लिख’ म्हणणारे ते आबा बसले आहेत.

नाना उभे राहिले. "बातमी बरोबर आहे साहेब. लोकांसमोर वाचून दाखवली होती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही मुलगी आमच्याकडे टायपिंगला होती. बातमीशी तिचा संबंध नाही."

नऊ वर्षं संपायला एवढी दोन वाक्यं पुरली. माळ जाणार हे मला त्याच क्षणी कळलं आणि त्याचं दुःख होतंच, पण माझ्या आत जे तुटलं ते वेगळं होतं. बातमीदाराचं नाव न छापण्याच्या ज्या नियमाचा मला अभिमान होता, त्यानेच माझ्यावर काट मारली होती. नानांनी तो नियम केला तेव्हा त्यांच्या मनात हे नव्हतं. मला हे छातीठोकपणे सांगता येतं, आणि त्याने माझं दुखणं जराही कमी होत नाही.

निकाल व्हायचा तसा झाला. उन्हाळ्याआधी माळाला तारेचं कुंपण पडलं. वस्तीतली निम्मी घरं त्याच साली कुलूप लावून सुरतेकडे गेली. आई मात्र हटली नाही. मला एका मोठ्या दैनिकाने धुळ्यात घेतलं. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी गळ्यात कार्ड अडकवलं. ते घेताना मला स्वतःची लाज वाटत होती.

नानांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. प्रकल्पाच्या उद्घाटनाचा दिवस होता. माळावर मांडव घातला होता. मी बातमीला गेले नव्हते, सुट्टी काढून घरी आले होते. आई शेळ्या घेऊन निघाली तशी तिच्यासोबत गेले. कुंपणाला लागून आता एक अरुंद वाट उरली आहे, तिथून चाललो होतो. मांडवातून लाउडस्पीकरवर एक आवाज आला आणि आई थबकली. तो आवाज आम्ही दोघींनी झोपेतही ओळखला असता. नाना माइकपाशी उभे होते, हातात कागद, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. पूर्वीपेक्षा बारीक झालेले दिसले. पलीकडे त्यांच्या चॅनलचा कॅमेरा लागला होता. आवाज मात्र तसाच होता, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा.

"आम्ही सर्व वस्तीकर कंपनीचे मनापासून आभार मानतो," ते वाचत होते.

आईला प्रमाण मराठी पटकन कळत नाही. तिने मला विचारलं, "काय बोली ऱ्हायना व नाना?"

"वस्तीकडथून आभार मानी ऱ्हायनात."

"कोनती वस्ती?"

"आपली."

आईने मांडवाकडे पाहिलं. तिथे पुढाऱ्यांची माणसं होती, कंपनीची होती, आमचं एकही नव्हतं. मग ती कुंपणाच्या अगदी जवळ गेली आणि स्वतःच्या पायांकडे बोट दाखवून मला म्हणाली, "त्याले सांग, वस्ती आठे उभी शे."

मी हाक मारली नाही. मारायची गरजही नव्हती. नानांनी कागदावरून मान वर केली, कुंपणाकडे पाहिलं. अंतर फार नव्हतं. त्यांनी आईला ओळखलं, मला ओळखलं. त्यांचे ओठ क्षणभर तसेच उघडे राहिले आणि माझ्या वेड्या मनाला पुन्हा एकदा वाटलं की आता हा माणूस थांबेल. नानांनी मान खाली घातली आणि पुढचं वाक्य वाचलं.